सही माझी, शब्द दुसऱ्याचा

सोळा वर्षं मी एका शब्दाखाली सह्या करत आले आणि तो शब्द मला कळत नव्हता. शब्द होता ‘फटिग’.

मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात आहे. आमच्याकडे मोडलेली यंत्रं येतात, म्हणजे कागदावर येतात. पंपाचा शाफ्ट तुटला, कॉम्प्रेसरचा क्रँकशाफ्ट गेला, गिअरचे दात झडले. सर्वेयर जागेवर जातो, फोटो काढतो, कधी तुटलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवतो आणि रिपोर्ट माझ्या टेबलावर येतो. शेवटच्या पानावर कारण असतं. ‘अचानक ओव्हरलोड’ असेल तर फाइल सहसा पुढे सरकते. ‘फटिग, झीज’ असं असेल तर पॉलिसीतल्या अपवादांची यादी उघडायची आणि नकाराचं पत्र करायचं. ते पत्र करायला मला वीस मिनिटं लागतात. हात बसला आहे.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका पत्रानंतर एका लहान कारखान्याच्या मालकांचा फोन आला. भांडायला फोन करणारे मला चालतात, त्यांची सवय आहे. हे गृहस्थ भांडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “मॅडम, फटिग म्हणजे माझ्या शाफ्टला नेमकं झालं काय?” मी रिपोर्टातलं वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, “हे माझ्याकडेपण आहे. तुम्ही सांगा ना.”

मला सांगता आलं नाही. मी “तांत्रिक बाब आहे” असं काहीतरी म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी घरी गेल्यावर मी कोणाशी फार बोलले नाही.

इंजिनिअरिंग शिकायचं हे त्या फोननंतर डोक्यात आलं असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. आधी मी फक्त वाचायला लागले. पहिलीच गोष्ट सापडली ती 1842 सालची. 8 मे रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा एक आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. आस बारीक नव्हता, लोखंड खराब नव्हतं, त्या क्षणी काही विशेष भारही नव्हता. मग तुटला कशाने? तेव्हा बऱ्याच जणांचं मत असं की सतत हादरे बसून लोखंडाचे आतून स्फटिक होतात आणि ते ठिसूळ बनतं. ते चुकीचं होतं. पुढे प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने वर्षानुवर्षं आस फिरवून, वाकवून, तुटेपर्यंत फेऱ्या मोजल्या. त्याला जे दिसलं ते असं: एकदा दिला तर काहीच न बिघडवणारा ताण लाखो वेळा दिला की धातूत एक बारीक तडा सुरू होतो, दर फेरीला तो कणभर पुढे सरकतो, आणि उरलेला धातू भार पेलू शकेनासा झाला की एका क्षणात सगळं तुटतं.

मिनिटाला 1500 फेरे घेणारा शाफ्ट घ्या. त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. दहा लाख फेरे पूर्ण व्हायला त्याला जेमतेम अकरा तास लागतात. एका दिवसात 21 लाख 60 हजार. हा गुणाकार मी ऑफिसच्या कॅल्क्युलेटरवर दोनदा केला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. म्हणजे माझ्या फायलींमधली यंत्रं ‘अचानक’ तुटत नव्हतीच. ती महिनोन्‌महिने तुटत होती आणि कोणी बघत नव्हतं.

इथवर आल्यावर मात्र मला थांबता येईना.

माझी पदवी वाणिज्य शाखेची. वय बेचाळीस. घरात नवरा, शाळेची शेवटची वर्षं करणारी मुलगी आणि एक कर्ज. नोकरी सोडून शिकायचा प्रश्नच नव्हता, म्हणून पार्ट-टाइम. मी माहितीपत्रकं गोळा करायला लागले आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की ही पत्रकं आमच्या पॉलिसीच्या पत्रकांसारखीच असतात. जे महत्त्वाचं ते बारीक अक्षरात.

पहिला अभ्यासक्रम नावानेच भुरळ घालणारा होता. त्यात रोबोटिक्स होतं, कृत्रिम बुद्धिमत्ता होती, ‘स्मार्ट’ हा शब्द तीन वेळा होता. दोन वर्षं, सगळं ऑनलाइन. चौकशी केली त्या दिवसापासून तिथल्या समुपदेशकाचे दिवसातून तीन-तीन फोन यायला लागले. जागा भरत आल्या आहेत, आज निर्णय घेतला तर सवलत आहे. मी त्याला विचारलं की अभ्यासक्रमाच्या शेवटी पदवी मिळते का. तो म्हणाला, “मॅडम, आजकाल डिग्री कोण विचारतं?” कमिशनसाठी बोलणाऱ्याचा सूर मला ओळखता येतो, सोळा वर्षं विम्यात आहे मी. तरी खरं सांगायचं तर आठवडाभर माझं मन तिथेच रेंगाळत होतं. बेचाळीसाव्या वर्षी दोन हा आकडा फार गोड वाटतो.

दुसरा दूरशिक्षणाचा. अभ्यास घरी, वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस प्रयोगशाळेसाठी जाऊन राहायचं. तिसरा संध्याकाळच्या वर्गांचा: आठवड्यात तीन संध्याकाळी आणि शनिवारी प्रयोगशाळा, शाखा साधी मेकॅनिकल, पत्रकावरचा फोटोही कुठल्यातरी जुन्या लेथचा. मुदत किमान सहा वर्षं.

सहा वर्षं म्हटल्यावर ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला ते प्रसिद्ध वाक्य ऐकवलं, “अगं, अठ्ठेचाळीस वय तर तसंही होणारच आहे.” हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा उच्चारलं त्याला सहा वर्षं रोज रात्री अभ्यास करायचा नव्हता, एवढं नक्की. अठ्ठेचाळीस होणारच, पण कसं होणार याला किंमत आहे. मधल्या सहा वर्षांत मुलगी घर सोडून शिकायला जाईल आणि ती निघताना मी कुठल्या परीक्षेच्या तयारीत असेन हे त्या वाक्यात येत नाही.

मग मी माझं जे खरं काम आहे ते केलं. आकडे मांडले.

युरोपात वापरल्या जाणाऱ्या क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ शिक्षणाचं एक वर्ष म्हणजे 60 क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. यात वर्ग, प्रयोगशाळा, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं धरलेलं असतं. चार वर्षांची पदवी म्हणजे 240 क्रेडिट, म्हणजेच 6000 ते 7200 तास. इतर पद्धतींत आकडे बदलतात, पण डोंगराची उंची साधारण तीच. आता हे तास सहा वर्षांत बसवायचे, वर्षाचे 40 आठवडे धरून, तर आठवड्याला 25 ते 30 तास होतात. पत्रकावर लिहिलं होतं, ‘आठवड्याला फक्त बारा तास’. ते बारा तास वर्गात बसण्याचे होते. उरलेले कुठून आणायचे ते आपलं आपण बघायचं.

सहाऐवजी आठ वर्षं घेतली तर आठवड्याला 19 ते साडेबावीस तास पडतात. म्हणजे मला विचारायचा प्रश्न ‘किती लवकर संपेल’ हा नव्हताच. मी तिसऱ्या ठिकाणी फोन करून विचारलं, “जास्तीत जास्त किती वर्षं घेता येतात?” पलीकडच्या बाई क्षणभर गप्प झाल्या. हा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारत नसावं. मग म्हणाल्या, नऊ. त्या ‘नऊ’ने मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्या प्रेरणादायी भाषणाने दिला नसता.

व्होलरच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली होती. पोलादाला एक मर्यादा असते. ताण त्याखाली ठेवला तर कितीही फेऱ्या होऊ देत, ते तुटत नाही. गुळगुळीत केलेल्या नमुन्यावर ही मर्यादा पोलादाच्या एकूण ताकदीच्या साधारण निम्मी भरते, प्रत्यक्ष यंत्रात त्याहून कमी. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. तिथे लहानातली लहान फेरीही कुठेतरी जमा होत राहते. मी नवऱ्याला हे सांगून म्हटलं, आता प्रश्न एवढाच की मी पोलादाची आहे की ॲल्युमिनियमची. तो म्हणाला, “बुधवारी रात्री साडेनऊला तू झोपाळू धातूची असतेस.” मुद्दा बरोबर होता. मी पुढचे तीन आठवडे प्रवेश न घेताच बुधवारी रात्री नऊ ते अकरा टेबलाशी बसून बघितलं. पहिल्या बुधवारी बारावीतलं बीजगणित उघडून मी त्यावर डोकं ठेवून झोपले. तिसऱ्या बुधवारी अकरा वाजून गेले ते कळलं नाही.

मान्यतेचं प्रकरण मी थोडक्यात सांगते, कारण ते कंटाळवाणं आहे, पण माझ्यासारख्या चौकशीत पडलेल्या कोणाला उपयोगी पडेल. अभियांत्रिकीच्या पदव्या एकमेकांच्या देशांत ग्राह्य धरण्यासाठी 1989 साली सहा देशांनी वॉशिंग्टन करार केला; पुढे त्यात बरेच देश आले. तो पूर्ण अभियंत्याच्या पदवीसाठी. तंत्रविदांच्या (टेक्नॉलॉजिस्ट) अभ्यासक्रमांसाठी 2001 चा सिडनी करार आणि तंत्रज्ञांच्या (टेक्निशियन) अभ्यासक्रमांसाठी 2002 चा डब्लिन करार. आपण घेतोय ते यातल्या कुठल्या पायरीचं आहे हे आधी बघावं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही मान्यता संस्थेच्या इमारतीला चिकटलेली नसते. ती एकेका अभ्यासक्रमाला असते आणि ठरावीक मुदतीची असते. दिवसाच्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे म्हणून त्याच दारातून संध्याकाळी शिरणाऱ्याला ती आपोआप मिळते असं धरून चालू नये. लेखी विचारावं. क्लेम विभागातल्या बाईचा सल्ला आहे, तोंडी आश्वासनावर आजवर एकही फाइल पुढे गेलेली मी पाहिलेली नाही.

माझ्या अनुभवाचे किती क्रेडिट मिळतील, हेही विचारलं होतं. सोळा वर्षांत हजारेक मोडलेल्या यंत्रांचे रिपोर्ट वाचले आहेत मी. उत्तर आलं: शून्य. वाणिज्य पदवीमुळे मात्र ‘अभियांत्रिकी अर्थशास्त्र’ या एका विषयातून सूट मिळाली. आधी राग आला. मग वाटलं, बरोबर आहे. मी वाचलेच होते रिपोर्ट. कळले कुठे होते?

आमच्याबरोबर पूर्वी काम केलेले एक निवृत्त सर्वेयर आहेत, स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांना भेटायला गेले तर ते हसले. म्हणाले, “तुला रिपोर्ट वाचता यायला हवेत ना? मग पदवी कशाला? चार पुस्तकं देतो, सहा महिन्यांत होईल.” ही खरी अडचण होती, समुपदेशकाच्या फोनपेक्षा मोठी, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. त्यांची चारही पुस्तकं मी घेऊन आले. आणि मग एक गोष्ट लक्षात आली. एकटीने वाचताना मला जिथे भीती वाटते ते पान मी उलटते. समीकरण आलं की डोळे खालच्या परिच्छेदावर जातात. ‘म्हणजेच’ या शब्दापासून पुढे वाचायचं. सोळा वर्षं मी रिपोर्ट असेच वाचत आले होते, शेवटचं पान आधी. माझ्या स्वभावाला असं कोणीतरी हवं होतं जे म्हणेल, थर्मोडायनॅमिक्स आवडो न आवडो, मंगळवारी चाचणी आहे. दूरशिक्षण याच कारणाने गळलं. ज्यांना एकट्याने पुस्तक उघडता येतं त्यांच्यासाठी ते उत्तम आहे. मी त्यांच्यातली नाही.

धीर यावा म्हणून मी उशिरा शिकलेल्यांची उदाहरणंही शोधली. जॉर्ज ग्रीन सापडला, नॉटिंगहॅमचा पीठगिरणीवाला. लहानपणी जेमतेम वर्षभर शाळा. 1828 साली त्याने स्वतःच्या खर्चाने विजेवर आणि चुंबकत्वावर जो प्रबंध छापला त्यातलं गणित आज अभियंते रोज वापरतात. 1833 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. वाचून दोन दिवस मी हवेत होते. मग पुढचं वाचलं. वडिलांच्या मागे मालमत्ता हाती आल्यामुळे त्याला गिरणी चालवणं सोडता आलं होतं, म्हणजे पार्ट-टाइमचा प्रश्न त्याला नव्हताच. आणि त्याची मुलं? त्याला एकूण सात झाली. ती जेन स्मिथ सांभाळत होती, जिच्याशी त्याने कधी लग्न केलं नाही आणि जिच्याबद्दल चरित्रात दोन-चार ओळी असतात. मला ग्रीनपेक्षा जेनबद्दल जास्त वाचायचं होतं. ते कुठे मिळालं नाही.

त्यापेक्षा लंडनमधली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट मला जवळची वाटली. 1823 मध्ये जॉर्ज बर्कबेकच्या पुढाकाराने सुरू झालेली, दिवसभर कामावर राबून आलेल्या कारागिरांना संध्याकाळी विज्ञान शिकवणारी. कामावरून दमून आलेली माणसं आणि फळ्यावरची यंत्रं ही जोडी दोनशे वर्षं जुनी आहे. निदान आपण काही वेडगळ करतोय असं तरी वाटेनासं झालं.

निर्णय मात्र यातल्या कशानेच झाला नाही. तो एका शनिवारी झाला.

संध्याकाळच्या त्या अभ्यासक्रमाने इच्छुकांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं होतं. आम्ही सात-आठ जण होतो. बहुतेक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तेलाचा वास, जमिनीवर पिवळ्या रेघा, भिंतीला लागून माणसाहून उंच असं एक यंत्र. यूटीएम, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, म्हणतात त्याला. शिक्षकांनी साध्या पोलादाची एक कांडी त्याच्या दोन जबड्यांत पकडली आणि ती ताणायला सुरुवात केली. पडद्यावर रेघ सरळ वर चढत गेली. कांडीला काहीही होत नव्हतं. मग रेघ थबकली, जराशी खाली आली, थोडी लुडबुडली. “इथे तिने हार मानली,” शिक्षक म्हणाले, “आता भार काढला तरी ती पूर्वीसारखी होणार नाही. पण तुटायला अजून बराच वेळ आहे, बघा.” रेघ पुन्हा चढायला लागली. पुढे कांडीच्या मधोमध एक जागा बारीक व्हायला लागली, डोळ्यांदेखत, ओल्या मातीला पिळावं तशी. पोलाद असं मऊपणे वागतं हे मला माहीत नव्हतं. सगळे पुढे झुकले. आणि मग असा आवाज झाला की मी एका अनोळखी मुलाचा दंड धरला.

शिक्षकांनी दोन तुकडे माझ्या हातात दिले. तुटलेली जागा कोमट होती. एका तुकड्यावर वाटीसारखा खोलगट भाग, दुसऱ्यावर त्यात बसणारा सुळका. “हा एकदाच ओढून तोडलेला,” ते म्हणाले. मग कपाटातून गंजायला आलेला एक शाफ्टचा तुकडा काढला. त्याच्या तोंडावर एका कोपऱ्यातून निघालेल्या कमानी होत्या, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा, आणि शेवटी थोडासा खडबडीत भाग. “आणि हा फटिग. या कोपऱ्यातून सुरू झाला. ही गुळगुळीत जागा म्हणजे तडा सावकाश सरकला तो काळ. खडबडीत आहे ते शेवटचं सेकंद.”

मी असे फोटो शेकडो पाहिले होते. रिपोर्टांत त्याला ‘परिशिष्ट दोन’ म्हणतात. हातात पहिल्यांदा घेतला. अर्ज त्याच दिवशी भरला.

प्रवेशाआधी बारा आठवड्यांचा गणिताचा पूर्वतयारी वर्ग घ्यावा लागला. मला कॅल्क्युलसची धास्ती होती. प्रत्यक्षात कॅल्क्युलस सुसह्य निघालं; घात केला तो अपूर्णांकांनी, चिन्हांनी आणि लॉगॅरिथमने. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मुलगी आणि एका बाजूला मी, दोघींचं पुस्तक जवळजवळ एकच. एकदा तिने माझ्या वहीत डोकावून बघितलं. म्हणाली, “आई, तू पाठ करतेयस. पाठ करून नाही होत ते.” हेच वाक्य मी तिला पाचवीत ऐकवलं होतं, सुराच्या चढउतारासकट. लॉग मला शेवटी कळला तो फटिगच्याच आलेखावर. हजार फेऱ्या आणि एक कोटी फेऱ्या एकाच कागदावर मावायच्या तर आडव्या अक्षावर दर पावलाला दहाने गुणायचं. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “हो, मग? तोच तर लॉग.”

आता तिसरा महिना चालू आहे. आठ वर्षांतला तिसरा महिना. मटेरियल्स हा विषय दुसऱ्या वर्षी आहे, म्हणजे अधिकृतपणे मला अजून काहीच येत नाही. कामाची जागा तीच, टेबल तेच. इंजिनिअर म्हणून मला कोण घेईल, घेईल का, हे आत्ता सांगता येणार नाही. वर्गातला एक मुलगा मला ‘मावशी’ म्हणतो, तो यूटीएमच्या आवाजाला ज्याचा दंड धरला तोच.

मध्यंतरी ती जुनी फाइल मी काढली, फोन आलेल्या मालकांची. परिशिष्ट दोन मोठं करून बघितलं. फोटो हललेला आहे. कमानी आहेत असं वाटतं, कुठून निघाल्या ते दिसत नाही. तुकडा केव्हाच भंगारात गेला असणार.

आणि गेल्या आठवड्यात एका पंख्याच्या शाफ्टचा रिपोर्ट आला. शेवटच्या पानावर ‘फटिग, झीज’. मी या वेळी शेवटच्या पानावरून सुरुवात केली नाही. फोटो स्वच्छ होता. कमानी की-वेच्या, म्हणजे शाफ्टवर चावी बसवायला कोरलेल्या खाचेच्या, कोपऱ्यातून निघालेल्या, आणि तो कोपरा सुरीने कापल्यासारखा टोकदार. असा टोकदार कोपरा ताण एका जागी गोळा करतो, म्हणून तिथे थोडी गोलाई ठेवतात. एवढं मला पुढची पानं चोरून वाचून कळलेलं आहे. गोलाई ठेवलेलीच नसेल तर ही झीज कशी? ती तर बनवतानाच राहिलेली चूक, आणि आमच्या पॉलिसीत त्या दोन गोष्टी दोन वेगळ्या कलमांत येतात. मी बराच वेळ फोनकडे बघत बसले. चुकीचं बोलले तर हसं होणार होतं. शेवटी सर्वेयरना फोन लावला.

“सर, त्या की-वेच्या कोपऱ्याची त्रिज्या किती होती?”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

“मोजलेली नाही, मॅडम. का?”

“तुकडा ठेवलाय का त्यांनी?”

“असेल. विचारतो.”

“मोजून घ्याल? मी तोवर पत्र थांबवते.”